बाकड्यावरचा कुंकवाचा ओघळ

खाकी उतरवून आता काही वर्षं झाली. बरेच गुन्हे, बरीच माणसं डोक्यातून पुसट होत चालली आहेत, पण एक प्रकरण काही केल्या पुसट होत नाही. लोक भेटले की म्हणतात, साहेब, एखादा थरारक खून सांगा. मी त्यांना शाळेच्या लोखंडी बाकड्याची गोष्ट सांगतो. आधी त्यांचं तोंड वाकडं होतं, मग चहा गार होईपर्यंत कोणी हलत नाही.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यात, नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली की टपाल माझ्या टेबलावर यायचं. त्यात निनावी अर्ज ठरलेले. अमक्याची बायको, तमक्याचा बांध, कोणाच्या तरी नोकरीची चौकशी करा. बरेच अधिकारी असले अर्ज फाडून टोपलीत टाकतात. मला एक खोड होती. कितीही फालतू कागद असला तरी त्यावर आवक शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचा, मगच बाजूला ठेवायचा. माझा रायटर, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारा हवालदार, यावरून मनातल्या मनात मला शिव्या देत असणार.

असाच एक अर्ज आला. संगणकावर टाइप केलेला, खाली सही नाही. मजकूर एवढाच, की अहमदपूरकडच्या वेल्डिंगचं शेड चालवणाऱ्या एका बाईने शाळांच्या बाकड्यांच्या शासकीय टेंडरला अनुभवाचा बोगस दाखला जोडला आहे, तरी कारवाई व्हावी. शिक्का मारला, फाइलला लावला आणि विसरून गेलो.

आठवड्याभरात ते टेंडर काढणाऱ्या कार्यालयाचे एक अधिकारी स्वतः ठाण्यात आले. त्यांनाही तसाच निनावी अर्ज गेला होता. त्यांनी दाखला तपासला, तर ज्या ग्रामपंचायतीच्या नावाचा तो होता तिच्या ग्रामसेवकाने लेखी दिलं की असा दाखला आम्ही दिलेलाच नाही. तक्रार सरळ होती, कागद समोर होते. मी बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला आणि बाईला बोलावणं धाडलं.

ती आली ती नवरा आणि सासूला घेऊन. वय पस्तिशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी. नवऱ्याच्या दोन्ही हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे काळे ठिपके, तोंडातून शब्द नाही. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, हात सारखे थरथरणारे, नजर मात्र सगळ्या ठाण्यावरून फिरत होती.

मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "बाई, खोटा कागद लावलाय. आता इथं रडून काही होणार नाही."

"रडायला न्हाई आले साहेब," ती म्हणाली. "कागद दाखवायला आले."

आणि तिने पिशवीतून फाइल काढली. सात कामांचे सात दाखले, सगळे खरे. सुरुवात देवणीच्या बाजारापासून. तिथल्या बैलवाल्यांना ती नवरा-बायको लोखंडी गव्हाणी करून देत होती. मग एका ग्रामपंचायतीचं फाटक, एका अंगणवाडीच्या खिडक्यांच्या जाळ्या, एका शाळेच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड. "लहान लहान कामं घेतली साहेब. दुसरे म्हणायचे, एवढ्याशा कामाचा दाखला कशाला मागता? मी म्हणायची, तुम्हाला एवढंसं हाय, मला पुढची पायरी हाय. परतेक कामाचं पत्र मागून घेतलं. उद्यम नोंदणी केली, म्हंजे लहान धंद्याची सरकारी नोंद, त्यानं अनामत रकमेची सूट मिळती. टेंडर निघायच्या आधीची बैठक असती, तिथं कोणी जात न्हाई. मी गेले. बाकड्याच्या पाइपाची जाडी कागदावर एका जागी एक अन् दुसऱ्या जागी दुसरी होती. मी विचारलं म्हणून त्यांनी दुरुस्त केली."

बाई पक्की होती. पण माझ्या नोकरीत पक्की माणसंही खोटं बोलताना पाहिली होती, त्यामुळे मी मान हलवली नाही.

"अटीत तीनच दाखले मागितले होते," ती म्हणाली. "माझ्याकडं सात खरे असताना खोटा कशाला लावू? याड लागलंय का मला?"

मग तिने नोटीस पुढे ठेवली. पंधरा दिवसांत खुलासा द्या, नाहीतर फर्म काळ्या यादीत. एकदा त्या यादीत नाव गेलं की वर्षानुवर्षं कोणत्याच सरकारी दारात उभं राहता येत नाही. हे काम मिळणार या भरवशावर पुण्याच्या कारखान्यांतून गावाकडे परतलेले सहा कारागीर तिच्या शेडमध्ये काम करत होते. "माझं नाव गेलं तर त्यांना परत पाठवावं लागंल. अन् मी तुमच्या कोठडीत," ती म्हणाली. डोळे कोरडेच होते, पण पिशवीचा बंद तिने बोटाला घट्ट गुंडाळून घेतला होता.

टेंडरं ज्यावर भरतात त्या सरकारी संकेतस्थळावरची नोंद मी काढली. ती तिच्या विरोधात होती. निविदा आदल्या दिवशी भरलेली. शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती बदलून पुन्हा भरलेली, त्यात एक दाखला काढून दुसरा घातलेला. दोन्ही वेळेला तिचीच डिजिटल सही. तिचं म्हणणं, मी एकदाच भरली. आणि दोन-दहाला ती त्या कार्यालयात नमुन्याचं बाकडं जमा करत होती. तिथल्या आवक नोंदवहीत वेळेसकट तिची सही होती.

"मग सहीचा डोंगल कुठं आहे तुमचा?" मी विचारलं. डोंगल म्हणजे पेन ड्राइव्हसारखी वस्तू. ती संगणकाला लावून पिन टाकली की तुमची सही झाली.

बाईने पुढ्यातली फाइल मिटली. मग हळूच म्हणाली, "सेंटरवाल्याकडं."

"आणि पिन?"

"चिठ्ठी चिकटवून दिलीय. डोंगललाच."

मी कपाळावर हात मारला. "अहो, तिजोरीही त्याची आणि किल्लीही त्याचीच?"

"सगळेच तसं करतेत साहेब."

खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या संगणक केंद्रावर गेलो. चालवणारा तिशीचा, गोड बोलणारा. मी बसायच्या आत त्याने चहा सांगितला. टेबलाखालून त्याने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत अर्ध्या तालुक्याच्या सह्या. कोणाला लाल दोरा, कोणाला रबर, कोणाला चिकटपट्टीवर नाव, आणि प्रत्येकाला पिनची चिठ्ठी. रस्ते करणारे, गणवेश शिवणारे, पाण्याचे टँकर पुरवणारे, एकमेकांशी स्पर्धा करणारी सगळी माणसं त्या एका डब्यात गुण्यागोविंदाने पडली होती. रोज कुठं जायचं डोंगल घेऊन, पोरगा आपलाच आहे, भरील की, असा सगळा कारभार.

त्याने शांतपणे जबाब दिला. "ताईंचा फोन आला होता साहेब. नवा दाखला जोडा म्हणाल्या. कागद त्यांच्याच माणसानं आणून दिला. मी आपला स्कॅन करत असतो दिवसभर. मला काय माहीत खरा का खोटा?"

फोनच्या नोंदी मागवल्या. त्या दिवशी दुपारी बाईंचा त्याला फोन गेलेला होता! ती म्हणाली, "नमुना न्यायच्या आधी विचारलं, सगळं बरोबर हाय ना? तो म्हणाला, एक नंबर झालंय ताई." पण फोनवर काय बोलणं झालं याला साक्षीदार कोण? सायबर शाखेने कळवलं, तिचा बदललेला कागद याच केंद्राच्या संगणकावरून गेला. पण बाकी सगळ्यांच्या निविदाही तिथूनच गेल्या होत्या. एरवी एका संगणकावरून दोन निविदा गेल्या की संगनमत म्हणून आम्ही तिथंच पकडतो. इथं अख्खा तालुका एकाच संगणकावर बसलेला, पकडणार कोणाला?

दिवस सरत होते. नोटिशीच्या मुदतीतले चार राहिले. वरून विचारणा व्हायला लागली, कागद स्पष्ट आहेत तर अटक का नाही? खरं सांगतो, मीही अटकेच्या कागदांना हात घातला होता. रायटरला म्हटलं, ती फाइल आण, एकदा शेवटची पाहून घेतो.

फाइलच्या तळाला तो निनावी अर्ज होता. त्यावर माझाच शिक्का, आमच्याच नोंदवहीचा क्रमांक, तारीख. मी सहज ती तारीख आणि तांत्रिक लिफाफे, म्हणजे निविदांसोबतचे दाखले-कागद, कार्यालयाने उघडल्याची तारीख शेजारी शेजारी मांडली आणि खुर्चीतून उठलोच.

"अरे, हा अर्ज लिफाफा उघडायच्या आदल्या दिवशी आलाय!" मी ओरडलो. "बंद लिफाफ्यातला कागद या शहाण्याला दिसला कसा?"

रायटर दचकला. त्याने दोन्ही तारखा पुन्हा पाहिल्या, नोंदवही आणून तिसऱ्यांदा पाहिली. मग म्हणाला, "साहेब, ज्यानं घातला त्यालाच दिसणार." त्या दिवसापासून त्याने शिक्क्याबद्दल कुरकुर केल्याचं मला जाणवलं नाही.

आता मला खात्री झाली, की बाई खरं बोलतेय. लाजही वाटली. पण माझी खात्री कोर्टात चालत नाही. केंद्रवाला म्हणाला असता, कागद टेबलावर पडला होता, कोणीही पाहिला असेल. त्याने हे कोणासाठी केलं ते हवं होतं.

मी कार्यालयाकडून सगळ्या निविदाधारकांची तांत्रिक कागदपत्रं मागवून घेतली. बाईच्या फर्मशिवाय रिंगणात मुख्य माणूस एकच, जिल्ह्यातला एक मोठा पुरवठादार. कागद टेबलावर पसरले तर मलाच त्यातलं निम्मं कळेना. गुन्ह्याची कलमं पाठ, पण टेंडरची अट क्रमांक अमुक कशासाठी असते ते माहीत नव्हतं. म्हणून बाईलाच बोलावलं. आरोपीलाच शिकवायला बसवलं म्हणा ना. सासूबाई सोबत होत्याच.

बाई एकेक पान उलटून सांगत होती. "ही अट बघा. बाकडं स्वतःच्या शेडमधी तयार केलेलं पायजे, नुसतं इकडून घेऊन तिकडं देणारा चालत न्हाई. म्हणून तयार बाकड्याचा फोटो लावायचा असतो." तिने पुरवठादाराचं पान पुढे सरकवलं. फोटोत हिरवं बाकडं, मागे भिंत.

सासूबाई इतका वेळ भिंतीकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली, पान जवळ ओढलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं बया, हे तर आपलं बाकडं!"

"आई, सगळी बाकडी सारखीच असतेत."

"सारखी कशानं? माझा हात मला वळखू येत न्हाई व्हय?" त्यांनी थरथरतं बोट फोटोवर टेकवलं. बाकड्याच्या डाव्या पायावर, जिथं शेवटचा जोड होता तिथं, कुंकवाची तीन बोटं उमटलेली. आणि मधल्या बोटाखाली एक बारीक लाल ओघळ खालपर्यंत आलेला.

मग उलगडा झाला. त्यांच्या शेडमध्ये नव्या कामाचा पहिला नग तयार झाला की त्याच्या शेवटच्या जोडावर हळदकुंकू लावल्याशिवाय तो बाहेर जात नसे. सासूबाई विधवा, पण पहिला नग त्यांच्याच हाताने पूजायचा हा सुनेचा हट्ट. हात कापतो म्हणून कुंकू पातळ होतं, ओघळतं. आणि तो पहिला नग हाच नमुना म्हणून कार्यालयात जमा झाला होता.

मी टोपी उचलली. दोन पंच घेतले आणि तडक त्या कार्यालयाच्या कोठारात गेलो. नमुने रांगेत ठेवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. बाईच्या बाकड्यावरची धूळ फुंकली. डावा पाय, तीन बोटं, मधल्याखाली ओघळ, वाळून तपकिरी झालेला. फोटो शेजारी धरला. ओघळ खाली जाऊन जिथं किंचित उजवीकडे वळला होता, तिथं फोटोतही तसाच वळला होता. पुरवठादाराने जमा केलेला नमुना पलीकडेच उभा होता. कोऱ्या पायांचा, वेगळ्या बनावटीचा. महिनाभर दोन्ही बाकडी शेजारी शेजारी होती, पण फोटो हातात घेऊन कोणी पाहिलंच नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसून पंचनामा लिहिला. एवढ्या आनंदाने लिहिलेला पंचनामा माझ्या नोकरीत दुसरा नाही!

पुरवठादाराला मी साहेबी थाटात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. अशा माणसावर आवाज चढवला की तो वकिलाला फोन लावतो. मान दिला की बोलतो.

"फोटो आपल्याच कारखान्यातला?"

"अर्थात. आमचे कारागीर, आमचं काम."

ते लिहून घेतलं, सही घेतली. "कुंकू लावलंय छान."

"आमच्याकडं पूजेशिवाय काही होत नाही साहेब."

"कोणी लावलं?"

"घरच्यांनी."

"मग तुमच्या घरच्यांनी कुंकू लावलेलं बाकडं या बाईच्या नावाने कोठारात कसं उभं आहे?" आणि मी पंचनाम्याचे फोटो त्याच्यासमोर एकेक करून मांडले. त्याने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग पाणी मागितलं. पाणी मागणारा माणूस निम्मा कबूल झालेला असतो, हे मी रायटरकडे पाहूनच समजलो, कारण तो जबाबाचा नवा कागद घेऊन केव्हाच बसला होता.

केंद्रवाल्याला समोर आणला तेव्हा त्याचं गोड बोलणं संपलं. तो खाली बसला. "यांच्याकडं स्वतःचं शेडच न्हाई साहेब, नमुनाही विकत आणलेला. फोटो कुठून आणणार? शेवटची घाई होती, ताईंच्या फोल्डरमधून उचलला. दाखलाही यांनीच दिला होता अन् अर्जही यांनीच टाइप करून घेतला."

"अरे पण कुंकू दिसलं नाही तुला?"

त्याच्या केंद्रात मी गेलो होतो. संगणकाच्या पडद्याच्या चौकटीवर कुंकवाची बोटं होती, प्रिंटरवर होती, बाहेर उभ्या मोटारसायकलच्या दिव्यावरही होती. आमच्याकडे नव्या वस्तूला कुंकू असतंच, त्यामुळे ते कोणाला दिसत नाही. त्यालाही दिसलं नाही, कार्यालयालाही नाही आणि मलाही नाही. ज्या सासूबाईंनी ते लावलं त्यांनाच फक्त दिसलं. केंद्राच्या संगणकात बनावट दाखला आणि निनावी अर्ज दोन्ही सापडले. दोघांना अटक झाली, पुढे दोषारोपपत्र गेलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी माझा अहवाल कार्यालयात पोचला. नोटीस मागे घेतली गेली, बाईवरचा गुन्हा निकालात निघाला आणि जुनं टेंडर रद्द होऊन नवं निघालं. या वेळी बाईने नवा डोंगल काढला, शेडमध्येच संगणक घेतला आणि मुदतीच्या तीन दिवस आधी स्वतःच्या हाताने निविदा भरली. एक दिवस दुपारी ठाण्यात तिचा फोन आला. आवाज एवढा मोठा की शेजारच्या रायटरलाही ऐकू गेला.

"साहेब, उघडलं! आपलं पहिलं आलं! सगळ्यात कमी दर, अन् नमुना पण पास!"

मी भर ठाण्यात टेबलावर थाप मारली. आरोपी म्हणून जिला बोलावलं होतं तिच्या नावाचे पेढे मी ठाण्यात वाटले. कोठडीतल्या दोन भुरट्या चोरांनाही एकेक दिला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? पहिलं म्हणजे, कागद स्पष्ट दिसला की पोलिसाचं डोकं बंद पडतं, माझंही पडलं होतं. दुसरं असं, की लहान धंदेवाला हरतो तो मालात नाही. माल त्याचा बहुतेक वेळा चांगलाच असतो. तो हरतो कारण कचेरीच्या कागदाला घाबरून आपली सही दुसऱ्याच्या डब्यात ठेवतो. हे मी व्याख्यान म्हणून सांगत नाही. त्या संध्याकाळी मी गुपचूप माझ्या टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी काढली, जिच्यावर ठाण्याच्या संगणकाचा माझा पासवर्ड होता आणि जो सगळ्या ठाण्याला तोंडपाठ होता.

बाकड्यांचा पहिला ट्रक निघाला त्या दिवशी त्यांनी मला शेडवर बोलावलं. सहाही कारागीर नवे कपडे घालून उभे. बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातच डोंगल. ज्यांचे डोंगल त्या डब्यात होते त्यातले चार-पाच जण आले होते. बाई आता दर शनिवारी त्यांना निविदा कशी वाचायची, कशी भरायची ते शिकवते असं कळलं. तिचा अबोल नवरा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "चहा घ्या साहेब," आणि डोळे पुसत आत निघून गेला.

सासूबाईंनी पहिल्या बाकड्याला कुंकू लावलं. तीन बोटं, आणि हात कापल्यामुळे मधल्या बोटाखाली पुन्हा तोच ओघळ. नव्या हिरव्या रंगावर तो फार उठून दिसत होता. मी खिशातला रुमाल काढून पुढे झालो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "पुसू नगा सायेब," त्या म्हणाल्या. "त्यानंच तर आमी वाचलो."

मी रुमाल खिशात ठेवला, आणि कारागिरांसोबत ते बाकडं उचलून ट्रकमध्ये चढवलं.